वाट वाकडी करणारी बस

साशंक : काकू, तुमचा कार्यक्रम वाचला. दहा दिवसांत भोपाळ, सांची, भीमबेटका, पचमढी, भेडाघाट, कान्हा, आणि मग नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला उज्जैन, इंदूर, मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर. सांचीपुढे लिहिलंय : दीड तास. त्या दीड तासात चाळीस माणसं बसमधून उतरणार, स्वच्छतागृहापुढे रांग लावणार, ग्रुप फोटो काढणार आणि मागे राहिलेल्या दोघांची वाट बघणार. उरलेल्या वेळात स्तूप. अशोकाच्या काळापासून पुढे हजारभर वर्षं त्या टेकडीवर माणसं काही ना काही बांधत होती. १८१८ मध्ये जनरल टेलरला ती झाडोऱ्यात सापडली, मग खजिन्याच्या आशेने लोकांनी स्तूप पोखरले, आणि १९१२ ते १९१९ अशी सात वर्षं जॉन मार्शल पडलेलं सावरत, उभं करत राहिला. तोरणाच्या एका पट्टीवरचं एक जातक नीट वाचायचं म्हटलं तरी अर्धा तास जातो. तुम्ही ते सगळं जेवणाआधी उरकणार. याला प्रवास म्हणायचं की हजेरी?

हौशी : हजेरी म्हण, मला राग नाही. मी जन्मभर शाळेत शिकवलं, हजेरीची किंमत मला कळते. जे मूल वर्गात येतच नाही, त्याला धडा समजला की नाही हा प्रश्नही उरत नाही. तुझ्या मनातला खरा प्रवासी कसा आहे ते मला दिसतंय. गुडघे शाबूत, गाडी स्वतःची, हिंदी सफाईदार, रजा लॅपटॉपवरून टाकता येते, आणि रात्री अकराला परक्या गावात पोचला तरी घरी कुणाच्या पोटात गोळा येत नाही. म्हणजे तूच की! मी सत्तरीकडे झुकलेली एकटी बाई. कान्ह्याचा सफारीचा परवाना नावानिशी, ओळखपत्र दाखवून आधी काढायचा, पहाटे अंधारात गेटवर उभं राहायचं, जिप्सीत सहा जण भरायचे. बाकीचे पाच मी कुठून आणू? बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या पार्कात गोळा करू?

थॉमस कुकने ५ जुलै १८४१ ला लेस्टरहून लफबरोला आपली पहिली सामुदायिक रेल्वे सहल नेली, तेव्हा पाचशेच्या आसपास माणसं एकेका शिलिंगात गेली. ज्यांच्या दारात घोडागाडी होती त्यांनी तेव्हाही नाकं मुरडली असतील. आपल्याकडे केसरी टूर्स १९८४ मध्ये सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये, मधे आणि मागेपुढे गल्लोगल्लीच्या कितीतरी छोट्या यात्रा कंपन्या. त्याआधी आमच्या आईच्या पिढीतली बाई घराबाहेर पडायची ती माहेरी, बाळंतपणाला, नाहीतर काशीला. चाळीस माणसांच्या बसमुळे जे जग तिच्या वाट्याला आलं ते दीड तासाचं होतं हे खरं. पण आधी शून्य तास होतं.

साशंक : कुकची ती सहल दारूबंदीच्या सभेला चालली होती, हे तुम्ही गाळलंत. जाणाऱ्यांना तिथे काही काम होतं. आणि माझा आक्षेप घोळक्याला नाहीच मुळी. मी नागपूरचा. आम्हाला मध्य प्रदेश म्हणजे पर्यटन नाही, शेजार आहे. १९५६ पर्यंत तर नागपूर राजधानीच होती. नागपंचमीला आमच्याकडून पचमढीच्या नागद्वार यात्रेला जादा एसटी सुटतात. महाशिवरात्रीला विदर्भातली माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. ती तुमच्या बसपेक्षा दाटीवाटीने जातात, पण डोंगर पायाखाली घालतात, आणि परत येतात तेव्हा त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. तुमच्या कार्यक्रमात त्याच पचमढीतलं धूपगड आहे. साडेतेराशे मीटर, सातपुड्याचं सगळ्यात उंच टोक. तिथे जिप्सीतून जायचं, सूर्य बुडाला की टाळ्या वाजवायच्या आणि अंताक्षरीला परत यायचं.

गोडसे भटजी आठवा. वरसईचा गरीब भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, एवढ्या हिशेबावर १८५७ मध्ये निघाला आणि बंडात सापडला. झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापलं गेलं आणि आजही त्या वर्षाबद्दल मराठीत त्याच्याइतकं कुणी सांगितलेलं नाही. त्याला हे सगळं दिसलं, कारण त्याचा कार्यक्रम मोडला. तुमचा कार्यक्रम मोडला तर तुम्ही भरपाई मागाल.

हौशी : मागेनच. पैसे भरलेत. पण गोडसे भटजी तुझ्या बाजूचे नाहीत रे. एक तर ते एकटे गेले नव्हते, काका बरोबर होते. दुसरं, ते जिथे गेले तिथे उतरले कुणाकडे? ग्वाल्हेरला, झाशीला, सगळीकडे आपल्या मुलखातल्या माणसांकडे. जेवले आपल्या पद्धतीचं, बोलले आपल्या भाषेत, ओळखी निघाल्या त्या कोकणातल्या गावांवरून. म्हणजे तू ज्याला उद्या मराठी कोंडाळं म्हणणार आहेस, त्याच कोंडाळ्यात बसून त्यांनी १८५७ पाहिलं. आणि तिसरं, ते पुन्हापुन्हा लुटले गेले. कमावलेलं गेलं, हाती राहिली ती आई-वडिलांसाठी आणलेली गंगेची कावड. वाचायला ते फार सुरेख आहे. पण म्हणून मी लुटलं जावं असं काही तू म्हणणार नाहीस.

साशंक : कोंडाळ्याचं तुम्हीच काढलंत, तर बोलतो. हे मला खरंच खटकतं. इंदूरला मुक्काम आहे. रात्री सराफा बाजारात सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी मांडतात. तुमच्या पत्रकात त्या संध्याकाळी काय आहे? 'हॉटेलवर महाराष्ट्रीय पद्धतीचं जेवण.' बसमधली सगळी माणसं पुण्या-मुंबईची, टूर मॅनेजर मराठी, विनोद मराठी, गाणी मराठी, बरोबरचा चिवडाही मराठी. खिडकीबाहेर माळवा, नर्मदा, विंध्य सरकत राहतात. मग जायचं कशाला? महाबळेश्वरला हेच सगळं मिळतं, आणि प्रवासही कमी.

हौशी : आता माझं जरा सावकाश ऐक.

मी इथे मुलाकडे राहते. सेक्टर दोनमधला तिसरा मजला. सकाळी साडेआठला ती दोघं निघतात, नातू शाळेच्या व्हॅनमध्ये बसतो. मग संध्याकाळी सिल्क बोर्डचा सिग्नल जेव्हा सोडेल तेव्हा ती परत येतात. मधले दहा तास मी कुणाशी बोलते? कामवालीशी हातवारे करून. भाजीवाल्याशी 'एष्टु' (किती) आणि 'बेडा' (नको) एवढ्या दोन शब्दांत. आगऱ्याच्या तळ्यावर फिरायला जाते, तिथे माझ्यासारख्याच तमिळ, बंगाली, तेलुगू आज्या भेटतात. आम्ही एकमेकींकडे बघून गोड हसतो आणि पुढे जातो. व्हॉट्सअॅपवर मराठी मंडळींचा ग्रुप आहे, त्यावर सुप्रभात येतं, भाड्याच्या घरांची चौकशी येते आणि गणपतीत मोदकांची ऑर्डर येते. हे गाऱ्हाणं नाही. मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली. पण दिवसभर आपल्या भाषेत एक पूर्ण वाक्य तोंडून निघत नाही, हे काय असतं ते तुला ऑफिसात कळणार नाही.

त्या बसमध्ये दहा दिवस माझ्या शेजारी रोज नवा माणूस असतो, कारण सीटा रोज बदलतात. कुणी निवृत्त पोस्टमास्तर, कुणी सांगलीची सोनारीण, कुणी नवरा गेल्यावर पहिल्यांदाच बाहेर पडलेली. कडेगावात कुणाची मावशी, कुणाचं ऑपरेशन, कुणाचा मुलगा परत येणार की नाही, हे सगळं भोपाळ ते पचमढी या रस्त्यावर बोलून होतं. तू विचारतोस, मग मध्य प्रदेशच कशाला? अरे, निमित्त लागतं. नुसतं 'चला, बसमध्ये बसून बोलू' म्हटलं तर कोण येईल? सांची असते म्हणून माणसं जमतात. जमलेली माणसं सांचीसाठी थोडी बदलतातही. मागच्या सहलीत आमच्यातली एक बाई लेण्यांसमोर एकदम गप्प झाली होती. का ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

साशंक : हे मी ऐकलं, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण काकू, हे तुमच्या गरजेचं समर्थन झालं, सांचीचं काय? तुमचं एकटेपण घालवायला एखादा प्रदेश नुसतं निमित्त म्हणून वापरायचा?

हौशी : तू या लेआउटमध्ये भाड्याने राहतोस, तो प्रदेश तू कशासाठी वापरतोस? आगरा, परंगीपाळ्या ही गावं एचएसआरच्या पोटात आहेत. त्यांच्या शेतांवर प्लॉट पडले, त्यांच्यावर आपण राहतो. त्या गावांत जत्रा कधी असते ते सांग बरं. सत्ताविसाव्या मेनवर कुठल्या हॉटेलात काय चांगलं मिळतं ते मात्र तू झोपेत सांगशील. शहाजीराजे १६३८ नंतर याच बेंगळुरूत जहागीरदार म्हणून राहिले, हे प्रत्येक मराठी माणूस इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा अभिमानाने सांगतो आणि नंतर कन्नड शिकत नाही. सावकाश राहिलं म्हणजे गाव कळतं, असं काही नसतं.

साशंक : ते मान्य. पण तुम्ही अभिमानाचा विषय काढलात, आणि मला नेमकं तेच बोलायचं होतं. मराठी टूर मध्य भारतात गेली की ती एक विशिष्ट मध्य भारत बघते. इंदूर आपल्या होळकरांचं, उज्जैनचं महाकाल मंदिर शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारलं, महेश्वर अहिल्याबाईंचं, रावेरखेडीला बाजीरावांची समाधी, २८ एप्रिल १७४०. सगळं खरं. पण 'आपलं' म्हणताना कुणाचं होतं हे गाळायचं असतं. ग्वाल्हेरला गेलात तर एकाच दुपारी राणी लक्ष्मीबाईची समाधी आणि जयविलास महाल दाखवतात. दोन्हीकडे गाइड 'आपले' म्हणतो आणि बस टाळ्या वाजवते. राणी जून १८५८ मध्ये ज्या इंग्रजांशी लढताना पडली, त्यांच्याच मदतीने जयाजीराव शिंदे त्याच महिन्यात गादीवर परत बसले. जयविलास त्यांनीच पुढे १८७४ मध्ये बांधला. महालाच्या झुंबरांचं वजन सांगताना हे कुणी सांगत नाही.

जबलपूरला तर याहून पुढची गोष्ट आहे. राणी दुर्गावती जन्माने चंदेल, सासर गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यात. २४ जून १५६४ ला मोगलांशी लढताना गेली. तिच्या नावाचं विद्यापीठ आहे, पुतळे आहेत, आपण भेडाघाटच्या वाटेवर तिला हात जोडतो. आणि ते गोंड राज्य पुढे कुणी संपवलं? मोगलांनी नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सागरच्या मराठा सुभेदारांनी शेवटच्या गोंड राजाला कैदेत टाकून ते गिळलं. आमचं नागपूर गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलं आणि आमच्या भोसल्यांनी त्याच्या वंशजांना पेन्शनवर बसवलं. चौथाई मागायला आलेल्यांच्या वंशजांनी एसी बसमधून येऊन 'आपलं' म्हणायचं, आणि गोंडांसाठी संध्याकाळी रिसॉर्टवर आदिवासी नृत्य.

(इथे दोघांचेही आवाज चढले होते. ते कागदावर उतरवलेले नाहीत.)

हौशी : तू हे सगळं बसमध्ये सांगशील का?

साशंक : मी बसमध्ये नसतो.

हौशी : हेच तर दुखणं आहे. ज्यांना हे माहीत आहे ते बसमध्ये नसतात. ते आपापल्या गाडीतून जातात, शांतपणे बघतात, परत येऊन एकमेकांना सांगतात. आणि चाळीस माणसांना मिळतो तो झुंबरांचं वजन सांगणारा गाइड. आमच्या बसमध्ये माइक असतो, अंताक्षरी संपल्यावर कुणीही घ्यावा. मी मागच्या वेळी घेतला होता. चार जण झोपले, पण बाकीच्यांनी प्रश्न विचारले. अभिमान ही काही वाईट सुरुवात नव्हे. अहिल्याबाईंच्या नावाने माणूस महेश्वरपर्यंत येतो. आला की घाटावर मागाचा खटखटाट ऐकतो, मग विचारतो हे विणकर कुठले, इथे कधी आले. अभिमानाने आलेल्याला दुसरी बाजू सांगता येते. न आलेल्याला काय सांगणार?

साशंक : सांगायला वेळ हवा. तो कार्यक्रमात नाही.

हौशी : वेळेचं तू फार मोठं करून ठेवलं आहेस. भीमबेटका कसं सापडलं? उज्जैनचे आपले डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ मध्ये आगगाडीने चालले होते. खिडकीतून खडक दिसले, ओळखीचे वाटले. युरोपातल्या चित्रगुहांचे खडक त्यांच्या मनात होते. सातशेहून अधिक शैलाश्रय, हजारो वर्षांची चित्रं, २००३ पासून जागतिक वारसा. सगळ्याची सुरुवात धावत्या गाडीतून टाकलेल्या एका नजरेत आहे. तुझ्या हिशेबाने तर ते हजेरीपेक्षाही कमी झालं.

साशंक : काकू, हे उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं. वाकणकर उतरले! खडक दिसले म्हणून भीमबेटका सापडलं नाही. नजर टाकून ते पुढे गेले असते तर ते खडक अजून नुसते खडक राहिले असते. ते उतरले, चालत गेले, आणि पुढची कितीतरी वर्षं पुन्हापुन्हा तिथे जात राहिले. तुमच्या बसमध्ये उद्या एखादा वाकणकर बसलाच आणि त्याला रस्त्याच्या डावीकडे काही दिसलं, तर टूर मॅनेजर म्हणेल, काका, आपल्याला सव्वाबाराला पोचायचंय. माझा मुद्दा तासांचा नाही, हे मला आत्ता बोलताना कळतंय. बस कुठे थांबणार नाही हे आधीच ठरलेलं आहे, आणि ते तुम्ही ठरवलेलं नाही. मुद्दा हा आहे.

हौशी : आणि तुझ्या गाडीचं कोण ठरवतं? फोन. तू पिवळे तारे मोजूनच उतरतोस. साडेचार ताऱ्यांच्या खालच्या देवळाला तू गेल्याचं मला आठवत नाही.

पण तू म्हणतोस त्यात तथ्य आहे, आणि ते जुनंही आहे. आपल्या या मुलखाचा पहिला कार्यक्रम कालिदासाच्या यक्षाने आखला. रामगिरी, म्हणजे तुमचं नागपूरजवळचं रामटेक म्हणतात ते, तिथून निघायचं, रेवा ओलांडायची, विदिशा, मग उज्जयिनी. कुठे उतरायचं, कुठे पाणी भरायचं, कुठे रात्र काढायची, सगळं सांगितलंय. त्यात उज्जयिनी मेघाच्या सरळ वाटेवर नाही. वाट वाकडी होईल, तरी जा, असं यक्ष मुद्दाम सांगतो. कार्यक्रम आखणारा असा असावा.

साशंक : मग तुमच्या कार्यक्रमात वाट कुठे वाकडी केलीय ते बघू. भोपाळहून इंदूर-उज्जैनकडे जाताना देवास लागतं. तिथे कुमार गंधर्व राहिले. बेळगावजवळच्या सुळेभावीचे, कन्नड घरातले, मराठी श्रोत्यांनी डोक्यावर घेतलेले. क्षय झाला म्हणून हवापालटासाठी १९४८ च्या सुमारास माळव्यात आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिले. गाणं बंद होतं तेव्हा अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातली लोकगीतं आणि निर्गुणी गाणाऱ्यांचे आवाज कानात साठवले. त्यांचं पुढचं सगळं गाणं त्यातून आलं. कर्नाटकातून माळव्यात गेलेल्या माणसाने तो प्रदेश कसा ऐकावा, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. तुमची बस देवासच्या बायपासवरून जाते. तिथे पत्रकात 'चहा व स्वच्छतागृह' लिहिलंय.

हौशी : हे मात्र मला लागलं. मी त्यांच्या मैफली ऐकलेल्या आहेत आणि देवास वाटेत आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. पण तेही चव्वेचाळीस वर्षं राहिले रे. मला पेन्शनीत दहा दिवस परवडतात.

साशंक : देवासला तुम्ही अर्धा तास मागून घ्याल, मिळेलही. ज्याला थांबा मागताही येत नाही, अशा जागेचं काय? कान्हा घ्या. १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान, १९७३ पासून व्याघ्र प्रकल्प. १९७० मध्ये तिथे फक्त ६६ बारासिंगे उरले होते, ते आज शेकड्यांनी आहेत. हे यश खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण ज्या कुरणांवर तुम्ही बारासिंग्याचे फोटो काढणार, त्यांतली काही कुरणं म्हणजे उठवलेल्या गावांची शेतं आहेत. जिप्सीतून ते दिसत नाही. दिसण्यासारखं काही उरलेलंच नाही.

आणि तुमच्या पत्रकात नवव्या दिवशी, ओंकारेश्वरनंतर, एक ओळ आहे : 'हनुवंतिया, निसर्गरम्य बेटावर बोटिंग.' ते पाणी म्हणजे इंदिरासागर धरणाचा फुगवटा. त्यात हरसूद आहे. खेडं नव्हे, चांगलं बाजारपेठेचं गाव, आठवड्याचा बाजार, शाळा, देवळं, मशिदी. २००४ च्या पावसाळ्याआधी लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली, विटा आणि दारं गाड्यांवर लादली आणि निघाले. ओंकारेश्वरला झुलत्या पुलावर उभं राहिलं की दुसरं धरण तरी समोर दिसतं. हनुवंतियाला दिसतं ते निव्वळ निळं पाणी. माझ्यासारखा एकटा, सावकाश, जातकं वाचणारा प्रवासीही तिथे सुंदर सूर्यास्तच बघणार. इथे तुमची बस आणि माझी गाडी सारखीच आंधळी.

हौशी : वीज कुठून येते, शेताला पाणी कुठून येतं, हेही विचारायला हवं ना? धरण नको होतं, असं मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

साशंक : मलाही नाही. मी धरणाबद्दल बोलत नाहीये. पत्रकातल्या 'निसर्गरम्य' या शब्दाबद्दल बोलतोय. उठलेल्या हरसूदमधली बरीच माणसं छनेऱ्याला वसवली, त्याला नवं हरसूद म्हणतात. मुंबई-पुण्याची मंडळी तुम्हाला भोपाळला भेटणार आणि तुम्ही इथून जॉइनिंग-लीव्हिंगवाल्या, म्हणजे कर्नाटक एक्सप्रेसने जाणार. ती खंडव्याहून इटारसीकडे निघाली की छनेऱ्यावरून जाते. थांबत नाही.

हौशी : समज, बस थांबवली छनेऱ्याला. चाळीस माणसं टोप्या घालून उतरली. ज्यांचं गाव बुडालं त्यांना बघायला. त्यांना बरं वाटेल?

साशंक : बहुधा नाही.

हौशी : मग तुझं म्हणणं काय? थांबलो तर तमाशा, न थांबलो तर आंधळेपणा.

साशंक : माझं म्हणणं तिथेच अडतं. तुम्ही काही सुचवा.

हौशी : मी टूर कंपनीला दोन ओळी लिहिणार आहे, आणि निघायच्या आधी लिहिणार आहे, कारण बस सुटल्यावर मॅनेजरच्या हातात काही नसतं. हॉटेल ठरलेलं, जेवण ठरलेलं, ड्रायव्हरचे तास ठरलेले. पहिली ओळ देवासची, अर्ध्या तासाची. दुसरी अशी की जबलपूरच्या रस्त्यावर शेवटच्या गोंड राजाचं आणि हनुवंतियाच्या रस्त्यावर हरसूदचं नाव माइकवरून घेतलं जावं. त्याला ना थांबा लागतो, ना तिकीट. पाच मिनिटं पुरतात, आणि बसमध्ये पाच मिनिटं नेहमी असतात. कुणी सांगणार नसेल तर मी सांगेन, फक्त तू मला हे सगळं नीट लिहून दे. सन-तारखांसकट.

साशंक : देतो लिहून. पण काकू, नाव ऐकून बसमधली माणसं हळहळतील आणि मग बोटीत बसतील.

हौशी : बसतील. मीही बसेन. बोटीचे पैसे सहलीच्या खर्चात धरलेले आहेत.